फुकटच्या जेवणाची चव

मागच्या महिन्यात एका पाककला परिषदेला जाऊन आले. दिवसभर शेफ लोकांची भाषणं, मधे डेमो आणि रात्री सहा कोर्सचं जेवण असा भरगच्च कार्यक्रम होता, आणि तिकिटाचे सगळे पैसे परळच्या एका स्वयंपाकघराला जाणार होते. टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये उपचारांसाठी देशभरातून जे पेशंट येतात त्यांना आणि त्यांच्या सोबतच्या माणसांना ही मंडळी रोज दोन वेळ जेवायला घालतात, एक पैसा घेत नाहीत. तिकीट स्वस्त नव्हतं, पण एवढ्या मोठमोठ्या शेफना एका दिवसात ऐकायला मिळणार होतं आणि परळ-लालबाग हा आमच्या घरातला जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे मी आणि माझी मैत्रीण दोघींनी लगेच बुक करून टाकलं.

ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. तिथे नुसते मुंबईचे किंवा महाराष्ट्राचे पेशंट नसतात, बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, आसाम, कुठून कुठून लोक येतात. केमोच्या दोन सायकलमध्ये बऱ्याचदा तीन आठवड्यांचं अंतर असतं, तेवढ्यासाठी गावाला जाऊन परत यायचं म्हणजे तिकिटाचा खर्च, शिवाय आजारी माणसाला जनरलच्या डब्यातून न्यायचं, मग लोक इथेच थांबतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी जागा मिळाली तर बरं, नाहीतर फुटपाथवर प्लास्टिकचा कागद बांधून राहतात, बाजूला रिपोर्टांची पिशवी, पाण्याची बाटली आणि एखादा स्टीलचा डबा. ट्रीटमेंटला सवलत मिळते, सरकारी योजना मिळतात, ट्रस्ट मदत करतात, पण रोज सकाळ-संध्याकाळ काय खायचं हा प्रश्न राहतोच. आणि कॅन्सरच्या पेशंटला वडापाव खाऊन चालत नाही.

सकाळची भाषणं चांगली झाली. एका शेफनी खोसे आंद्रेस यांच्याबद्दल सांगितलं. हा स्पॅनिश शेफ २०१० च्या भूकंपानंतर हैतीला मदतीला गेला आणि त्यातूनच वर्ल्ड सेंट्रल किचन ही संकटात सापडलेल्यांना जेवण पुरवणारी संस्था उभी राहिली. तिथे त्याने काळ्या घेवड्याची उसळ आपल्या पद्धतीने शिजवली, उत्तम शिजवली असणार, तो मोठा शेफ, पण तिथल्या बायकांनी त्याला सांगितलं की आम्ही असं खात नाही, आम्ही हा घेवडा घोटून, गाळून, मऊ सारासारखा करून खातो. आणि त्याने त्यांचं ऐकलं. तंबूत राहणारी, घर पडलेली माणसं होती ती, कुणीही म्हणालं असतं की मिळतंय ते खा. दुसऱ्या एकांनी मिलानचं उदाहरण दिलं. २०१५ च्या एक्स्पोच्या, म्हणजे तिथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी मास्सिमो बोत्तुरा या इटालियन शेफनी तिथल्या ग्रेको भागातल्या एका बंद पडलेल्या थिएटरमध्ये रेफेत्तोरिओ अंब्रोसियानो सुरू केलं. एक्स्पोमध्ये उरलेला भाजीपाला, पाव, फळं आणायची, जगभरातले शेफ आळीपाळीने येऊन शिजवायचे आणि बेघर माणसांना टेबलावर बसवून, ताटं हातात आणून वाढायचे. तिथे रांग नव्हती. बोत्तुरा यांचं स्वतःचं रेस्टॉरंट तीन मिशलिन स्टारवालं, म्हणजे त्या मानांकनातलं सगळ्यात वरचं, तिथे टेबल मिळायला लोक महिनोन् महिने थांबतात, आणि त्याच हातचं इथे ज्याच्याकडे काही नाही त्याला. मला हे फार भावलं. बसवून वाढणं आपल्याकडे पंगतीत होतंच की, पण धर्मादाय जेवण म्हटलं की आपण लगेच रांग लावतो, हातात पत्रावळ देतो आणि पुढे व्हा पुढे व्हा करतो.

मग अन्न वाया जाण्यावर एक प्रेझेंटेशन झालं, त्यात स्लाइडच खूप होत्या, आणि एक चर्चासत्र झालं ज्यात सगळे एकमेकांशी सहमत होते. ते सोडून देते.

खरी परिषद माझ्यासाठी दुपारच्या जेवणानंतर सुरू झाली, जेव्हा त्या परळच्या स्वयंपाकघरातल्या मुख्य मावशी स्टेजवर आल्या. त्यांना सगळे मावशीच म्हणत होते, शेफ मंडळीसुद्धा. साठीच्या आसपासच्या, नऊवारी नाही, साधी कॉटनची पाचवारी, पदर खोचलेला. त्यांनी सांगितलं की मला भाषण येत नाही, मी खिचडी करून दाखवते. आणि समोर बसलेल्या दोन-अडीचशे लोकांसमोर, ज्यात निम्मे तरी व्यवसायाने शेफ, त्यांनी खरोखर मुगाची खिचडी केली.

एकाच पातेल्यात तीन जेवणं असतात, त्या म्हणाल्या. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन भरपूर पाण्यात शिजत घातली, हळद आणि थोडं मीठ. ती पूर्ण शिजून डाळ-तांदूळ एकजीव व्हायला आले तसे त्यांनी तीन वाटे केले. पहिला वाटा सोबतच्या माणसांचा, त्याला तुपात जिरं, हिंग, कढीपत्ता, लसूण, हिरवी मिरची अशी सणसणीत फोडणी, कारण धडधाकट माणसाला चव पाहिजे, तो दिवसभर रांगेत उभा राहून आलेला असतो. दुसरा वाटा केमोवाल्यांचा. त्यांचं तोंड आलेलं असतं, मिरचीचा कणही सहन होत नाही, म्हणून फोडणी फक्त तूप-जिऱ्याची, तेही जिरं पूड करून, मोहरी अजिबात नाही कारण ती टोचते. हा वाटा त्या गरम गरम देत नाहीत, जरा कोमट करून देतात. गरम अन्नाचा वास जास्त येतो आणि केमोच्या दिवसांत वासानेच ढवळतं. शिवाय बऱ्याच जणांना तोंडात धातूसारखी चव येते, मग त्यांना स्टीलचा चमचा नको वाटतो, त्यांच्यासाठी प्लास्टिकचे चमचे वेगळे ठेवलेले असतात.

तिसरा वाटा नळीवाल्यांचा. आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाच्या कॅन्सरचं प्रमाण किती आहे हे वेगळं सांगायला नको, त्यातल्या कित्येकांचं तोंड उघडत नाही, ऑपरेशन झालेलं असतं, नाकातून नळी घातलेली असते आणि सगळं अन्न त्या नळीतून द्यायचं असतं. डाएटिशियनने लिहून दिल्याप्रमाणे मावशींनी तो वाटा मिक्सरमध्ये फिरवला, मग बारीक गाळणीतून गाळला, मग परत तलम फडक्यातून गाळला, प्रत्येक वेळी पळी वर उचलून धार बघत होत्या. धार तुटता कामा नये आणि जाडही पडता कामा नये, नळी एकदा चोंदली की त्या माणसाला परत हॉस्पिटलची पायरी चढावी लागते. हॉलमध्ये सगळे शांत बसून ती धार बघत होते. आणि मग त्यांनी त्या गाळलेल्या खिचडीतही तूप-जिऱ्याची फोडणी घातली, म्हणजे जिऱ्याचा अर्क उतरलेलं नुसतं तूप, वरून गाळून.

पुढच्या रांगेतल्या एका केटरिंग कॉलेजच्या मुलाने विचारलं की मावशी, नळीतून जाणाऱ्या अन्नाला फोडणी कशाला, त्यांना तर चव लागत नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "अरे बाळा, वास येतो ना. आणि भरवणारी त्याची बायको शेजारी बसलेली असते, तिला कळायला नको का की ती नवऱ्याला जेवण देतेय, औषध नाही?"

मला तिथे भरून आलं, आणि खरं सांगायचं तर आत्ता लिहितानाही येतंय.

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं होतं. मदत करायला येणारी माणसं त्यांना नेहमी एकच प्रश्न विचारतात, रोज किती ताटं जातात? तो आकडा बोर्डावर लिहिलेला असतो, देणगीच्या पावतीवर असतो, फोटोखाली असतो. मावशी म्हणाल्या की मी आकडा बघत नाही, मी बादली बघते. खरकट्याची बादली. काय परत आलं, कुणाच्या ताटातून आलं, किती आलं. सुरुवातीला ते पोळी, भाजी, वरण, भात असं आपलं साधं जेवण द्यायचे, आणि बादलीत पोळ्या परत यायच्या. आधी वाटलं पोळ्या वातड होतायत, पीठ बदललं, तेल वाढवलं, तरी तेच. मग त्या स्वतः वाढायला उभ्या राहिल्या आणि लक्षात आलं की परत करणारे बरेचसे बंगाल, आसामकडचे लोक आहेत, ज्यांना दोन्ही वेळ भात लागतो, आणि आजारपणात तर पोळी गिळवतच नाही. भाताचं प्रमाण वाढवलं तशी बादली हलकी झाली. पुढे त्यांनी पेशंटच्या घरच्या बायकांना विचारायला सुरुवात केली, तुमच्याकडे आजारी माणसाला काय देतात? बंगालच्या एका आईने स्वयंपाकघरात येऊन मुगाची डाळ आधी कोरडी खमंग भाजून मग शिजवायला शिकवली, तमालपत्र आणि चिमूटभर साखर घालून. बिहारकडच्यांनी सत्तू, म्हणजे भाजलेल्या चण्याचं पीठ सांगितलं. केरळची कंजी, बंगालचा गोला भात, कोकणातली पेज, आपला गुरगुट्या भात वर मेतकूट आणि तूप, सगळीकडे आजारी माणसाचं काहीतरी आहेच, आणि ते त्याला त्याच्या आईनेच पहिल्यांदा भरवलेलं असतं. हजार-दीड हजार किलोमीटर लांब, अनोळखी शहरात, जिवाची शाश्वती नसताना एखाद्याला ते ताटात दिसणं ही लहान गोष्ट नाही हो.

हे ऐकताना मला सारखे माझे आजोबा आठवत होते. संगमेश्वरहून येऊन ते लालबागला गिरणीत लागले, आजी आणि मुलं गावी, हे इथे गाळ्यात दहा-बाराजणांत राहायचे आणि खाणावळीत जेवायचे. खाणावळ म्हणजे हॉटेल नव्हे, चाळीतल्या एखाद्या बाईचं घर, ती महिन्याच्या पैशावर आठ-दहा गिरणी कामगारांना दोन वेळ जेवायला घालायची. आजोबा सांगायचे की त्यांच्या खाणावळवाल्या काकींना पक्कं माहीत होतं की घाटावरच्या गड्यांना भाकरी लागते आणि आम्हाला भात आणि कालवण, पाळ्या बदलल्या की जेवायच्या वेळा बदलायच्या त्याही तिला पाठ, आणि कुणी तापाने पडला तर न सांगता त्याच्यासाठी पेज व्हायची. त्या बायकांचं स्वतःचं मात्र कठीण होतं, वाण्याकडून उधारीवर धान्य उचलायचं, सावकाराचं व्याज फेडायचं, आणि कामगारांचा पगार झाला की मगच पैसे हातात. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खाणावळवाल्या बायकांसाठी, राष्ट्रीयीकृत बँकेतून त्यांना कर्जं मिळवून दिली, त्यांच्या कामाला काम म्हणून मान मिळवून दिला. पुढे १९८२ चा संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, गिरण्या बसल्या त्या बसल्याच, आणि खाणावळीही गेल्या. आता तिथे टॉवर आहेत. पण त्याच परळमध्ये, घरापासून लांब आलेल्या माणसाला त्याच्या घरचं खाऊ घालण्याचं काम अजून चालू आहे, फक्त तेव्हा जेवणारा पैसे देत होता म्हणून तो भाकरी मागू शकत होता. फुकट जेवणारा मागू शकत नाही. तो मान खाली घालून घेतो आणि नाही आवडलं तर गुपचूप बादलीत टाकतो.

म्हणूनच मला वाटतं की फुकटच्या जेवणाला जास्त चव पाहिजे. विकतच्या जेवणात चूक झाली तर गिऱ्हाईक ओरडतं, पुढच्या वेळी येत नाही, ऑनलाइन एक स्टार देतं, शेफला लगेच कळतं. इथे सांगणारं कुणी नसतं, त्यामुळे करणाऱ्यानेच दुप्पट लक्ष ठेवायला हवं. आपण दान देताना पोट भरण्याचा हिशोब करतो आणि तिथेच थांबतो, आणि हे मला खटकतं. गरिबाला चव कळत नाही असं तोंडाने कुणी म्हणत नाही, पण शाळेच्या खिचडीपासून मंदिराच्या भंडाऱ्यापर्यंत खूप ठिकाणी अन्न बघितलं की तसं मनात धरूनच शिजवलंय असं वाटतं.

आणि मोठ्या प्रमाणावर चांगलं शिजवणं ही सोपी गोष्ट अजिबात नाही, हेही त्या दिवशी नीट कळलं. मावशींच्या नंतर एका हॉटेलच्या बँक्वेट शेफनी फार छान समजावून सांगितलं. चार माणसांची रेसिपी शंभराने गुणली की चारशे माणसांची होत नाही. मोठ्या पातेल्यात पाण्याची वाफ त्या मानाने कमी जाते, म्हणून घरचं पाण्याचं प्रमाण घेतलं तर भाताचा लगदा होतो. पाच किलो कांदा एकदम तेलात टाकला की तेल गार पडतं आणि कांदा परतला न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडतो, मग भाजीला तो कच्चट वास राहतो जो आपण लग्नाच्या वाईट जेवणात ओळखतो. म्हणून कांदा थोडा थोडा करून परतायचा, कितीही वेळ लागो. मिरची, लवंग, हिंग हे सरळ पटीत वाढवायचं नाही. गॅस बंद केला तरी एवढं मोठं पातेलं आतल्या आत शिजत राहतं, म्हणून भाजी जरा आधीच उतरवायची. आणि शिजलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे रेंगाळू द्यायचं नाही, भात तर नाहीच नाही, कारण तांदळातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते परत वाढतात. ज्यांची प्रतिकारशक्ती केमोने खाली आणलीय त्यांच्यासाठी ही जिवाची गोष्ट आहे. त्याच कारणाने तिथे कच्ची कोशिंबीर ताटात नसते, काकडी-टोमॅटोसुद्धा नाही.

हे सगळं ज्ञान आहे, कौशल्य आहे, आणि माझ्या मते मोठ्या रेस्टॉरंटच्या ताटात फोमची, म्हणजे फेसाची नक्षी काढण्यापेक्षा रतीभरही कमी नाही. आपल्या केटरिंग शिक्षणाची सुरुवातच मुळी टंचाईच्या काळातली आहे. दादरचं केटरिंग कॉलेज १९५४ मध्ये लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने, ऑल इंडिया विमेन्स सेंट्रल फूड काउन्सिलने सुरू केलं, तेव्हा देशापुढे प्रश्न होता तो धान्य कसं पुरवायचं हा. आज त्याच क्षेत्रातल्या मुलांना स्वप्न दाखवलं जातं ते क्रूझचं आणि परदेशातल्या रेस्टॉरंटचं, जावं की त्यांनी जरूर, पण हजार माणसांची चांगली आमटी करणाऱ्या बाईला शेफ म्हणायची पद्धत आपल्याकडे अजून पडलेली नाही. शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या बायकांचं केंद्राने २००९ मध्ये ठरवलेलं मानधन महिना १००० रुपये होतं, केंद्राच्या हिशोबात ते पुढे कित्येक वर्षं तेवढंच राहिलं, राज्यं आपापल्या परीने वर भर घालतात तेवढीच. ज्यांच्या हातावर लाखो मुलांचं दुपारचं जेवण अवलंबून आहे त्या बायकांबद्दल बोलतेय मी.

रात्रीचं डिनर सुंदर होतं, ते नाकारणार नाही. नाचणीच्या पातळ कुरकुरीत पापडावर हिरव्या टोमॅटोचा ठेचा, एक कोकमाचं सार इतकं स्वच्छ गाळलेलं की वाटीचा तळ दिसावा, आंबेमोहोरच्या कण्यांचा मऊ भात आणि त्यावर भाजलेल्या लसणीचं तूप. शेफ स्वतः टेबलापाशी येऊन बोलत होते, प्रेमाने करत होते, एकाही पैशाचं मानधन त्यांनी घेतलं नव्हतं. फक्त मावशी तिथे नव्हत्या. संध्याकाळचं जेवण सात वाजता निघतं, त्यामुळे त्या चार वाजताच परळला निघून गेल्या, बरोबर त्यांच्या दोन मदतनीस बायका, आणि कॉलेजची पाच-सहा मुलंही गेली, त्यात तो फोडणीचा प्रश्न विचारणारा मुलगा होता, आपला एप्रन घालूनच टॅक्सीत बसला. डिनरच्या वेळी मोठ्या स्क्रीनवर आतापर्यंत दिलेल्या ताटांचा आकडा येत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या, पैसे लागतातच, गॅस, तांदूळ, तूप काही आकाशातून पडत नाही आणि त्या रात्री चांगली रक्कम जमली. पण आयोजकांना मी मेल लिहून कळवलंय की पुढच्या वर्षी परिषद दुपारी संपवा आणि रात्रीचं जेवण सगळ्या शेफनी परळच्या स्वयंपाकघरात जाऊन तिथल्या लोकांसाठी करावं, मावशी सांगतील तसं, आणि आम्ही तिकीटवाल्यांनी वाढायला उभं राहावं. तिकिटाचे पैसे तेवढेच ठेवा, मी तरी देईन. त्यांचं उत्तर आलंय की विचार करतो.

आम्ही दोघी मैत्रिणी आता रविवारी तिथे जातो. आम्हाला शिजवायला नाही दिलेलं, ते बरोबरच आहे, तिथे प्रत्येकाच्या हाताला सवय आणि शिस्त आहे. आमच्याकडे वही दिलीय. जेवण झालं की पेशंटच्या सोबतच्या माणसांशी बोलायचं, काय गेलं, काय नाही गेलं, गावाकडे आजारपणात काय करतात, त्यात काय काय पडतं, किती शिजवतात, हे राज्यवार लिहून काढायचं. बंगाल, बिहारची पानं भरलीयत, ओडिशाचं अर्धं झालंय. त्रिपुरा आणि मणिपूरचे लोक कमी भेटतात आणि भेटले तरी भाषेची अडचण होते, त्यामुळे ती पानं कोरी आहेत. तुमच्या ओळखीत तिकडचं कुणी असेल तर त्यांच्या आईला किंवा आजीला विचारून मला कळवा, मापासकट, आणि मिरची न घालता ते कसं करतात तेही.